बरे झाल्यावर जायचे कुठे?

नागपूरकर आजही रिक्षावाल्याला 'पागलखाना चौक' असाच पत्ता सांगतात. तिथले प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. नाव बदलले, औषधे बदलली. लोकांच्या मनातली भिंत मात्र तेवढीच उंच राहिली.

स्किझोफ्रेनियासारखा आजार बहुधा ऐन विशी-पंचविशीत गाठतो. उपचारांनी मूल सावरते, पण घरच्यांना धास्ती 'लोक काय म्हणतील' याची. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो : केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. त्यासाठी रुग्णालय आणि घर यांच्यामध्ये एक पायरी हवी. तीच 'हाफवे होम'. तिथे गोळी आपली आपण घ्यायची, स्वयंपाकाला हात लावायचा, बाजारहाट करायचा, हिशेब ठेवायचा.

कर्जतच्या 'श्रद्धा' संस्थेचे डॉ. भरत वाटवानी यांनी रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचवले. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बँकेत दहा वर्षे कुणी न विचारलेली ठेवही वारसाने मागितली तर परत मिळते. इथे उलटे आहे. ठेव दाराकडे डोळे लावून बसली आहे, वारस फिरकत नाही. आपल्या नात्यात असे कुणी असेल, तर येत्या भेटीच्या दिवशी निदान एकाने जावे.