मोटारसायकल न आवडणाऱ्याची गाडी

बारामतीच्या एम.आय.डी.सी.त पियाज्जिओचा कारखाना आहे, हे बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. तेथला ॲपे टेम्पो आपल्या प्रत्येक बाजारात दिसतो, आणि २०१२ पासून तेथे व्हेस्पा स्कूटरही तयार होऊ लागली. 'व्हेस्पा' म्हणजे गांधीलमाशी, 'ॲपे' म्हणजे मधमाशी. ही नावे इटालियन आहेत. दोन्ही वाहने मुळात एकाच माणसाने आखली. पण कोराडिनो दास्कानियो हे त्याचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

हा गृहस्थ (१८९१-१९८१) विमानविद्येतला अभियंता. १९३० साली त्याच्या हेलिकॉप्टरने विक्रम केले होते. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे! त्याची कंपनी विमाने बनवी, पण दुसऱ्या महायुद्धात तिचा पोंतेदेरा येथील कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर कामगारांना काम हवे होते आणि लोकांना स्वस्त वाहन. एन्रिको पियाज्जिओने प्रथम एक नमुना करवून घेतला. त्याचे टोपणनाव 'पापेरिनो', म्हणजे इटलीतला डोनाल्ड डक. त्याला मधोमध उंचवटा होता, त्यामुळे पाय टाकूनच बसावे लागे. मालकाला तो पसंत पडला नाही व काम दास्कानियोकडे आले.

येथे त्याची विचारपद्धती पाहण्यासारखी आहे. मोटारसायकल सुंदर करण्याच्या फंदात तो पडला नाही. तिच्याविषयीच्या तक्रारीच त्याने हाती घेतल्या. साखळीचे तेल कपड्यांना लागते? मग इंजिन थेट मागच्या चाकाशी बसवून त्याने साखळीच काढून टाकली. पंक्चर झाले की चाक काढताना हात काळे होतात? मग विमानाच्या चाकासारखे पुढचे चाक एकाच बाजूच्या दांड्यावर बसवले. ते बाजूने सहज निघते. गिअर पायाखालून डाव्या मुठीत आणला. नळ्यांचा सांगाडा वगळून दाबलेल्या पत्र्याच्या अंगालाच सांगाड्याचे काम दिले. राहिला पाय टाकण्याचा प्रश्न. मधली जागा सपाट मोकळी ठेवल्यावर माणूस खुर्चीत बसावा तसा बसू लागला. २३ एप्रिल १९४६ रोजी या ९८ सी.सी.च्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज झाला.

त्या मोकळ्या जागेचा खरा उपयोग मात्र आपण केला. बजाजने परवान्याने व्हेस्पा बनवली, आणि करार संपल्यावर १९७२ मध्ये त्याच घडणीची चेतक आणली. तिच्या पायाशी गॅसची टाकी बसे, पिशव्या बसत, धाकटे पोर उभे राही आणि मागे लुगडे नेसलेली आजीही एका बाजूस पाय सोडून बसे. अर्थात सोय फुकट मिळत नाही. इंजिन उजवीकडे असल्याने तोल थोडा एकीकडे जाई. आणि चेतक कुशीवर कलवून मग किक मारण्याचा विधी कोण विसरेल?

बारामतीच्या व्हेस्पात गिअर राहिले नाहीत; पत्र्याचे अंग व एकबाजूचा दांडा मात्र तसाच आहे. म्हणजे आकार ही वरून चढवलेली सजावट नव्हे, हे कलाशाखेच्या आपणांसही या कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून शिकता येते. पण २०२३ मध्ये आलेली एप्रिलिया आर.एस. ४५७ ही मोटारसायकलही येथेच बनू लागली. तिला साखळी आहे, गिअर पायाशी आहे, बसायचे तर पाय टाकूनच! दास्कानियोने काय म्हटले असते कोण जाणे. तिचा आराखडा मात्र इटलीतल्या नोआले गावी काढला गेला. बारामतीत जुळणी होते. आपल्या तालुक्यांतली किती मुले आज हाती पाना धरतात आणि किती पेन्सिल, हा हिशेब कोणी मांडला तर तो वाचायला मला आवडेल.