तारेवरची कसरत (११) : ईशान्येला खांब, नैर्ऋत्येला कडुनिंब

या आठवड्यात बॅलनवर लिहायचं कबूल केलं होतं. एका वाचकाने तर आधीच विचारून ठेवलंय की फुगा केवढा घ्यायचा! बॅलन म्हणजे फुगा नव्हे, एवढंच आज सांगतो. कारण मध्येच शिरपूरहून एक पत्र आलं आणि माझा बेत फिसकटला.

पत्रलेखक तरुण आहेत, हॅम रेडिओची कॉल साइन नवी कोरी आहे. लिहितात : ‘तुमच्या लेखावरून ७ मेगाहर्ट्झचा डायपोल बांधला. गच्चीवर दोन पाइप, जमिनीपासून दहा मीटर उंची. एसडब्ल्यूआर एकदम छान. नाशिक, पुणे, हैदराबाद ठणठणीत मिळतात. युरोपातले लोक मला ऐकू येतात, पण मी त्यांना ऐकू जात नाही. मित्र म्हणतो लिनिअर ॲम्प्लिफायर घे. घेऊ का?’

घेऊ नका. निदान हा लेख वाचून होईपर्यंत तरी खिशात हात घालू नका.

तुमच्या तारेत काही खोट नाही. ती आपलं काम चोख करतेय, फक्त ते काम तुम्हाला हवं ते नाही. ७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे बेचाळीस मीटरची. दहा मीटर उंची म्हणजे तिचा जेमतेम पाव हिस्सा. एवढ्या खाली टांगलेला डायपोल आपली बहुतेक शक्ती सरळ डोक्यावर फेकतो. ती आयनांबरावर आपटून पुन्हा आसपासच्या पाच-सातशे किलोमीटरांत पडते. म्हणूनच पुणे आणि हैदराबाद ठणठणीत! मुलुखभर गप्पा मारायच्या तर याच्यासारखा अँटेना नाही. ७ मेगाहर्ट्झ हा पट्टाच मुळी घरचा. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुपचूप चालवलेल्या काँग्रेस रेडिओची तरंगलांबी होती ४२.३४ मीटर. भागाकार करून बघा, ७.०८ मेगाहर्ट्झ येतात. आज आपण रोज सकाळी जिथे ‘गुड मॉर्निंग’ करतो, नेमकी तीच जागा. आपल्या हिशेबाने त्या लहरीचा डायपोल वीस मीटर लांब होतो. ऑगस्टअखेरपासून १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धरेपर्यंत ही मंडळी मुंबईत एका घरातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवत होती. मला आपली दर वेळी तारेचीच काळजी वाटते.

असो. लंडन इथून सुमारे ७२०० किलोमीटर. लहर तिथे एका झेपेत जात नाही. जळगावच्या मेहरूण तलावावर चपटा दगड फेकताना हात जितका खाली, तितक्या दगडाच्या उड्या लांब. तसंच इथे आहे. तीस अंशांनी वर गेलेली लहर साधारण नऊशे किलोमीटरवर खाली उतरते, म्हणजे लंडनपर्यंत आठ उड्या. पंधरा अंशांनी निघाली तर एक उडी सतराशे किलोमीटरची, आणि चार-पाच उड्यांत काम होतं. प्रत्येक उडीला थोडी शक्ती वर आणि थोडी खाली सांडते. चार उड्या वाचल्या, तर पलीकडच्या माणसाला तुमचा आवाज खरखरीतून वेगळा काढता येतो.

लहर खालच्या कोनाने कधी निघते? तार जमिनीपासून निदान अर्ध्या लहरीइतकी उंच असेल तेव्हा. अर्ध्या लहरीच्या उंचीवर मुख्य झोत तीस अंशांवर येतो आणि पंधरा अंशांवरही बरीच शक्ती उरते. पाव लहरीच्या उंचीवर पंधरा अंशांना फार थोडी मिळते. ढोबळ हिशेबाने, शंभर वॉटचा सेट तीनशेचा केल्याइतका हा फरक आहे. म्हणजे मित्राने सुचवलेला ॲम्प्लिफायर तुमच्या तारेच्या उंचीत आहे.

आता कुणी म्हणेल, वीस मीटरचा खांब शिरपुरात कुठून आणू? आणू नका. खांब तोच ठेवा, लहर आखूड करा. १४ मेगाहर्ट्झची लहर एकवीस मीटरची, तिची अर्धी साडेदहा. तुमचे दहा मीटर तिथे जवळजवळ पुरे पडतात. त्याच मधल्या जोडावर, जुन्या तारेच्या खाली, पाच-पाच मीटरचे आणखी दोन पाय बांधा. दोन्ही पायांची मिळून लांबी १४३ भागिले १४.१५, हे नियमित वाचकांना पाठ असेल. केबल एकच, पट्टे दोन. दुसरी जोडी पहिलीला थोडी बिथरवते, म्हणून पाय दोन-तीन वीत लांबच कापा आणि मग चिमूट-चिमूट कमी करा. दोन्ही जोड्यांच्या टोकांमध्ये हातभर तरी अंतर राहू द्या. मग दुपारी चारनंतर युरोपकडे कान लावा.

आता माझा आवडता विषय, दिशा. पत्रात उंची होती, लांबी होती, एसडब्ल्यूआर होता; तार कुठून कुठे बांधली ते नव्हतं. कुणीच लिहीत नाही. गच्चीची लांब बाजू जिकडे, तिकडे तार!

पुरेशा उंचीवरचा डायपोल आपल्या दोन्ही कुशींकडे बोलतो आणि टोकांच्या दिशेला जवळजवळ मुका असतो. मग कूस कुठे करायची? शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर भरवसा ठेवू नका. त्यावर अमेरिका सरळ पश्चिमेला दिसते. मुलांचा पृथ्वीगोल घ्या, एक दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक जळगाववर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर ताणा. दोरा अरबी समुद्राकडे ढुंकूनही बघत नाही. तो मध्य आशियावरून रशियात शिरतो, नॉर्वे ओलांडतो आणि ग्रीनलंडचं दक्षिण टोक चाटून पलीकडे उतरतो. इथून न्यूयॉर्क म्हणजे उत्तरेपासून पश्चिमेला फक्त पंचवीस अंश. लंडन बेचाळीस अंश, म्हणजे जवळजवळ नेमकं वायव्येला. आता दोरा सिडनीकडे फिरवा : आग्नेय, दहा हजार किलोमीटर. वायव्य आणि आग्नेय या एकमेकींसमोरच्या दिशा. म्हणजे खानदेशात तार ईशान्य-नैर्ऋत्य बांधली, की एका कुशीला युरोप-अमेरिका आणि दुसऱ्या कुशीला ऑस्ट्रेलिया! ही सोय आपल्याला भूगोलाने फुकट दिली आहे. वास्तुवाले ईशान्येला पाणी ठेवा म्हणतात. मी म्हणतो खांब ठेवा.

याची किंमत मोजावी लागते ती जपानला. टोकियो पडतं ईशान्येच्या जरा पूर्वेला, म्हणजे तारेच्या टोकासमोर. दुसऱ्या टोकाकडे नैरोबी. जपानचं वेड असेल तर वायव्य-आग्नेय अशी दुसरी तार टांगा. तांबं काही सोन्याच्या भावाने मिळत नाही. एक कबुली मात्र देतो : ७ मेगाहर्ट्झवर दहा मीटर उंचीला हे सगळं दिशाशास्त्र पातळ होतं. खाली टांगलेली तार चहूकडे सारखीच बोलते. दिशा जपायची ती १४ आणि त्यावरच्या पट्ट्यांसाठी.

दिशा बघायला मोबाइलचं होकायंत्र पुरतं, पण स्लॅबवर उभं राहून बघू नका. सळया सुई फिरवतात. अंगणात उतरा. नाहीतर रात्री ध्रुवतारा शोधा, आपल्याकडे तो क्षितिजाच्या वर एकवीस अंशांवर असतो. सळयांचा त्रास तारेलाही होतो. स्लॅबच्या वर दीड मीटरवर तार ताणली, की तिला उंची मिळते ती स्लॅबपासूनची. जुन्या धाब्याच्या घरांत हा प्रश्नच नव्हता. लाकडी सरे आणि वर माती, लोखंड नावाला नाही! ज्यांची धाबी अजून शाबूत आहेत त्यांचा मला हेवा वाटतो.

माझं ईशान्य टोक पाइपावर आहे आणि नैर्ऋत्य टोक कडुनिंबावर. तेवीस वर्षांपूर्वी मी दोन्ही टोकं करकचून आवळली होती. मे महिन्यात दुपारी चारला वावटळ उठली, झाड एकीकडे झुकलं आणि तार मधोमध तुटून शेजारच्या गच्चीवर गेली. तिथे काकूंच्या बिबड्या वाळत होत्या. काकूंनी तारेकडे बघितलं नाही, आधी बिबड्या मोजल्या. एकोणीस मोडल्या होत्या. त्या मी संध्याकाळी विकत घेतल्या, तळून खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवरची जुनी कप्पी आणली. तेव्हापासून झाडाच्या बाजूची दोरी कप्पीवरून खाली येते आणि तिला दगड भरलेली रंगाची रिकामी बादली लटकते. झाड झुकलं की बादली वर जाते, सावरलं की खाली येते. रावेरकडे केळीच्या बागा झोपल्या त्या वादळातसुद्धा तार टिकली. बादलीखाली मुलं खेळणार नाहीत एवढं बघा आणि बुडाला एक भोक पाडा, नाहीतर जूनमध्ये पाणी साचून ती तार ताणते.

तारेचं म्हणाल तर आपल्याकडे सबमर्सिबल पंपाच्या वाइंडिंगची तार गावोगाव मिळते. भरीव तांबं, वर पाण्यात राहणारं आवरण, किलोवर विक्री. उत्तम माल, पण एक खोड आहे : हे तांबं मऊ असतं आणि बादलीच्या वजनाने हळूहळू लांबतं. आज ७.१०० वर जमवलेली तार दिवाळीपर्यंत खाली सरकते. म्हणून कापण्याआधी एक टोक गेटला बांधा, दुसरं कमरेला गुंडाळा आणि मागे रेला. तार रबरासारखी येते, येते आणि मग एकदम हट्टी होते. तो हट्ट पाठीला कळतो. तिथे थांबा आणि मगच टेप लावा. आवरणामुळे लांबी शेकडा दोन-तीन कमीच लागेल.

टोकांना इन्सुलेटर म्हणून मी ठिबकच्या सोळा मिलिमीटरच्या काळ्या नळीचे वीतभर तुकडे वापरतो. पांढरा पीव्हीसी आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत पिचतो. ठिबकची नळी मुळात उन्हातच पडून राहण्यासाठी केलेली असते. तिच्यातला कार्बन तिला वाचवतो. शेतकऱ्याकडे जुना वेटोळा पडलेला असतोच. तुकडा मागितला की एकच प्रश्न येतो, ‘हाई काय शे भाऊ?’ आणि मग चहा होईपर्यंत सुटका नाही.

दोन गोष्टी मात्र गमतीवारी नेऊ नका. तार किंवा दोरी विजेच्या तारांवरून टाकायची नाही, तुटली तर त्यांच्यावर पडेल अशीही बांधायची नाही. आणि बोलताना डायपोलच्या टोकांवर शेकडो व्होल्ट असतात, तेव्हा टोक हात पोचेल इतकं खाली नको.

शिरपूरकरांनी आता गच्चीवर जाऊन तार कोणत्या दिशेला आहे ते बघावं आणि मला कळवावं. केबल विकत घेताना चार मीटर जास्तीची घ्या. ती मधल्या जोडाखाली गुंडाळायची आहे. का, ते बॅलनच्या लेखात, पुढच्या आठवड्यात. दुसरं पत्र आलं नाही तर.