हात तेच, काम निराळं!

टीव्हीच्या कोपऱ्यात खुणा करणारी व्यक्ती दिसली की आपण तिला सरसकट 'दुभाषी' म्हणून मोकळे होतो. अमेरिकेत मात्र या कामाच्या दोन तऱ्हा आहेत: इंटरप्रिटिंग आणि ट्रान्सलिटरेटिंग. फरक काय? घ्या ही झटपट उजळणी.

● अर्थ की शब्द? अमेरिकन साइन लँग्वेज, म्हणजे एएसएल, ही स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा आहे, हे विल्यम स्टोकी यांनी १९६० साली दाखवून दिलं. इंग्रजीतलं बोलणं एएसएलमध्ये नेतो तो इंटरप्रिटर. इंग्रजीचा शब्दक्रमही न मोडता तीच इंग्रजी हातांवर किंवा ओठांवर आणतो तो ट्रान्सलिटरेटर.

● नाक धावतं तेव्हा! इंग्रजीत धावपटू 'रन' करतो, उमेदवार 'रन' करतो आणि सर्दी झाली की नाकही 'रन' होतं. एएसएलमध्ये या तिन्हींच्या खुणा वेगवेगळ्या. पण 'साइनिंग एक्झॅक्ट इंग्लिश' या १९७२च्या पद्धतीत उच्चार, स्पेलिंग आणि अर्थ यांपैकी दोन जुळले की खूण एकच. मग काय, नाकही धावायला मोकळं!

● आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा: पार, बार, मार. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलले ना? हाच घोळ मिटवायला ऑरिन कॉर्नेट यांनी १९६६ साली 'क्यूड स्पीच' शोधलं. तोंडाजवळ हाताचे ८ आकार आणि ४ जागा: आकारावरून व्यंजन कळतं, जागेवरून स्वर. प, ब आणि म यांचे आकार अर्थातच वेगळे. यातही ट्रान्सलिटरेटर असतात.

● बिनआवाजाची बडबड. ओरल ट्रान्सलिटरेटर वक्त्याचं बोलणं नुसत्या ओठांनी, पण स्पष्ट उच्चारतो. एखादा शब्द ओठांवरून ओळखणं अवघड असेल, तर ऐनवेळी त्याच अर्थाचा सोपा शब्द घालतो.

● आठ्यांचं व्याकरण. एएसएलमध्ये हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारताना भुवया वर जातात. कोण, काय, कुठे विचारताना आक्रसतात. इंटरप्रिटरच्या कपाळावर आठ्या दिसल्या, तर तो चिडलाय असं समजू नका!

● दोन कामं, दोन परीक्षा. अमेरिकेतल्या दुभाषांची संघटना, आरआयडी, १९६४ साली स्थापन झाली. इंटरप्रिटिंग आणि ट्रान्सलिटरेटिंगसाठी ती पूर्वी वेगवेगळी प्रमाणपत्रं देत असे. एकात पास झालात म्हणून दुसरं आपोआप पदरात पडत नसे.

● न ऐकणारा दुभाषी? हो, असतो! न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली इबोलाच्या पत्रकार परिषदेत महापौरांशेजारी कर्णबधिर इंटरप्रिटरच उभा होता. समोर बसलेला ऐकू येणारा सहकारी त्याला खुणांनी मजकूर पुरवतो आणि हा तो अस्सल एएसएलमध्ये मांडतो.

● मग बोलवायचं कोणाला? लहानपणापासून एएसएलमध्ये वाढलेल्याला इंटरप्रिटर सोयीचा पडतो; मोठेपणी ऐकू येईनासं झालेल्याला, इंग्रजीतच विचार करणाऱ्याला, बहुधा ट्रान्सलिटरेटर. तेव्हा आयोजकांनी परस्पर ठरवू नये, आधी त्या व्यक्तीलाच विचारावं.