धडधाकट मेंढा, पण वीर्यात ब्रुसेला!

मेंढा दिसायला तगडा, खातो-पितो, माजावरच्या मेंढीवर उडतोही. तरी कळपात गाभण मेंढ्या कमीच! अशा वेळी संशय घ्यावा तो ब्रुसेला ओव्हिस या जिवाणूचा. न्यूझीलंडमध्ये बडल आणि बॉइस यांनी १९५३ मध्ये हा रोग उजेडात आणला.

जिवाणू ठाण मांडतो अधिवृषणात, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या, शुक्राणू पक्व होणाऱ्या नळीत. तिचं खालचं टोक हाताला टणक, गाठाळ लागलं की पशुवैद्य सावध होतात. पण गंमत अशी, की बऱ्याच बाधित नरांत गाठ लागतच नाही आणि वीर्यातून जिवाणू मात्र बाहेर पडत राहतात. वीर्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी आणि मुंडकी तुटलेले शुक्राणू दिसतात. हा फक्त इशारा. खात्री होते ती वीर्याच्या कल्चर किंवा पीसीआरने. रक्ताची एलायझा चाचणीही घेतात, पण नुकती लागण झाली असेल तर ती हुकू शकते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा.

नुसतं चाचपून मेंढा 'पास' करणं मला तरी धोक्याचं वाटतं. नवा मेंढा आणलात तर अहवाल येईपर्यंत इतर नरांपासून वेगळा बांधा. एकाच मेंढीवर पाठोपाठ उडणाऱ्या नरांत हा रोग झपाट्याने पसरतो.