'ओके' : होकार की पोच?

इंग्रजीतील जे शब्द आपण घरजावई करून घेतले, त्यांत 'ओके'चा मान मोठा. आमचे शिक्षण शाळेतच थांबले. इंग्रजी आणि कायदा जो काही शिकलो, तो कामगारांच्या कागदांवरून. त्या आधारावरच बोलतो.

हा शब्द थट्टेतून जन्मला. 'ऑल करेक्ट'चे स्पेलिंग मुद्दाम चुकवून त्याची आद्याक्षरे बोस्टनच्या एका वृत्तपत्राने २३ मार्च १८३९ रोजी छापली. १८४०च्या निवडणुकीत अमेरिकेचे अध्यक्ष व्हॅन ब्यूरेन यांच्या 'ओल्ड किंडरहूक' या टोपणनावाशी ती जुळली. व्हॅन ब्यूरेन हरले, शब्द मात्र जिंकला! मूळ अर्थ एवढाच, की 'सर्व ठीक.'

आपल्या नागपुरातला 'हौ' घ्या. ऐकले, पटले, की 'आता पुरे करा', हे सुरावरून कळते. लिहिलेल्या 'ओके'ला सूर नसतो.

एका कामगाराला रात्री फोनवर निरोप आला, "उद्यापासून ड्यूटी बारा तास." त्याने 'ओके' लिहिले. महिनाअखेर ओव्हरटाइम मागितला, तेव्हा साहेबांनी तोच फोन दाखवला : "तुमची संमती होती." तो म्हणाला, "साहेब, निरोप पोचला, इतकंच कळवलं जी." आम्ही शेजारी बसलो होतो. दोघांचा शब्द एकच होता, अर्थ दोन.

१८७२चा भारतीय करार कायदा नेमके येथेच बोट ठेवतो. कलम १३ म्हणते, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तरच ती संमती. कलम १४प्रमाणे जबरदस्ती, गैरवाजवी दबाव, फसवणूक, दिशाभूल किंवा चूक यांतून आलेली संमती मुक्त नव्हे. अर्थात दोघांना अर्थ स्पष्ट असेल, तर 'ओके'ही पक्का होकार ठरू शकतो, म्हणूनच जपायचे.

तेव्हा पोच द्यायची असेल, तर 'निरोप मिळाला' लिहावे. मान्य असेल, तर काय मान्य तेही लिहावे. आणि विचारणाराने आधी पाहावे, समोरच्याला 'नाही' म्हणण्याची सोय आहे काय? हे कारखान्यापुरते नाही. स्थळ पाहून आल्यावर मुलगी खाली मान घालून "ओके, बाबा" म्हणते, तेव्हा पत्रिका छापायला धावू नये. तिच्याजवळ बसावे आणि पुन्हा एकदा विचारावे.