अंतर कळतं, वारा कळत नाही

कोलोरॅडोच्या वायव्य कोपऱ्यातलं क्रेग हे गाव एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. ऑक्टोबर लागला की मात्र तिथल्या मोटेलांच्या आवारात चिखलाने माखलेल्या पिकअप गाड्या दिसायला लागतात. आसपासच्या डोंगरांत एल्कचे मोठाले कळप आहेत आणि रायफलच्या शिकारीचा हंगाम याच सुमारास सुरू होतो. एल्क आपल्या सांबराच्याच कुळातला, पण अंगाने थोराड. पूर्ण वाढलेला नर सहज तीनशे किलो भरतो. संपादकांना दिवाळी अंकासाठी एखाद्या यंत्राचा परिचय हवा होता. म्हणून मी तिथल्या शिकारसाहित्याच्या दुकानात शिरलो, ते बॅलिस्टिक रेंजफाइंडर बघायला.

शिकारीचं नाव काढलं की आपल्याकडे भुवया उंचावतात आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते साहजिकच आहे. तरी हे यंत्र आपल्या जंगलांना अगदीच अनोळखी नाही. व्याघ्रगणनेत ठरलेल्या सरळ रेषेवर चालताना चितळांचा कळप दिसला, तर तो किती दूर आहे हे लेझर रेंजफाइंडरने मोजतात. वाघाला खायला जंगलात काय आहे, याचा अंदाज अशा अंतरांवरून बांधला जातो. क्रेगच्या दुकानातलं यंत्र त्याच्या एक पायरी पुढे जातं. अंतर मोजून झालं की तेवढ्या अंतरावर गोळी किती खाली येईल आणि नेम किती वर धरायचा, तेही सांगतं.

गोळी किती खाली येते याची आपल्याला सहसा कल्पना नसते. २००७ मध्ये बाजारात आलेलं ६.५ क्रीडमूर हे काडतूस अमेरिकेत आज कमालीचं लोकप्रिय आहे. दोनशे यार्डांवर नेम जुळवलेल्या रायफलीतून ते झाडलं, तर सहाशे यार्डांवर गोळी सहा फुटांहून अधिक खाली आलेली असते. पुढच्या पन्नास यार्डांत ती आणखी दीड फूट घसरते. एल्कच्या छातीतला मर्मभाग जेमतेम दीड फुटाचा. म्हणजे डोळ्यांच्या अंदाजात पन्नास यार्डांची चूक झाली, तर जनावर एक तर सुटतं किंवा जखमी होऊन पळतं. दुसरी शक्यता पहिलीपेक्षा वाईट.

अंतराचा हा प्रश्न आधी तोफांना पडला होता. १८८८ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने अंतरमापक मागवल्याची जाहिरात वाचून आर्किबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड हे दोन प्राध्यापक कामाला लागले. त्यांच्या यंत्रात लांब नळीच्या दोन टोकांतून आलेल्या प्रतिमा एकमेकींशी जुळवायच्या आणि त्या कोनावरून अंतर काढायचं. ब्रिटिश नौदलाने ते स्वीकारलं. पण अशा यंत्रात अंतर दुप्पट झालं की चूक चौपट होते. १९६० मध्ये थिओडोर मेमनने पहिला लेझर चमकवला आणि कोन मोजण्याऐवजी वेळ मोजण्याची सोय झाली. आधी रणगाड्यांवर बसलेलं हे तंत्र १९९० च्या दशकात शिकाऱ्याच्या गळ्यात आलं. जर्मनीतल्या लायकाची लेझर असलेली दुर्बीण, अमेरिकेतल्या बुशनेलचं हातात धरायचं यंत्र ही त्यातली सुरुवातीची नावं.

काउंटरमागचा विक्रेता साठीच्या पुढचा होता. गिऱ्हाइकाने किंमत विचारली की तो उलट विचारायचा: काडतूस कुठलं वापरता, रान उघडं आहे की झाडीचं, आणि आजवर सराव केलाय तो जास्तीत जास्त किती यार्डांवर? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण घुटमळत. मग तो दोन-तीन यंत्रं उचलून गिऱ्हाइकाला दुकानाच्या मागच्या दारी नेई. तिथे माळावर एक एकटा लाकडी खांब होता. त्याच्या मागे आभाळाशिवाय काही नाही.

यंत्राच्या पडद्यावर एक बारीक वर्तुळ दिसतं. ते खांबाच्या बरंच डावीकडे धरायचं, बटण दाबून ठेवायचं आणि अगदी सावकाश उजवीकडे सरकायचं. आकडा उमटला ती किरणाची एक कड, गेला ती दुसरी. मग हीच कवायत खांबाच्या टोकावर, वरून खाली. माझ्या हातातल्या यंत्राने वर्तुळ खांबाला टेकण्याआधीच आकडा दाखवला. खांब वर्तुळाच्या मधोमध आला तेव्हा पडदा कोरा. किरण वर्तुळाच्या उजव्या अंगाला पडत होता. खराब माल आहे का, असं मी विचारलं. त्याने मान हलवली. थोडा तिरपेपणा पुष्कळ यंत्रांत असतो, तो कुठल्या बाजूला आणि किती, एवढं मालकाला ठाऊक असलं की झालं.

हा किरण म्हणजे सुईची रेघ नव्हे, टॉर्चच्या झोतासारखा तो पसरत जातो. त्याचा पसारा मिलिरेडियनमध्ये छापलेला असतो. दीड मिलिरेडियन म्हटलं तर सहाशे यार्डांवर त्याची रुंदी ऐंशी सेंटिमीटरच्या वर जाते. शिवाय लेझर डायोडचं तोंड पट्टीसारखं असल्याने झोतही बहुधा गोल नसून आयताकृती पडतो. पट्टी उभी असेल तर ती उतारावरच्या जनावराबरोबर पुढचं गवत आणि मागची चढणही पकडते. आडवी असेल तर शेजारची झाडं. ५५० मीटर जाऊन परत यायला प्रकाशाला साडेतीन मायक्रोसेकंदांहून थोडाच अधिक वेळ लागतो आणि एका मीटरचा फरक सात नॅनोसेकंदांच्याही आत मोजावा लागतो. हे मोजणारं घड्याळ चोख असतं. पण परत आलेला उजेड एल्कच्या अंगावरून आला की झुडपावरून, हे त्या घड्याळाला कळत नाही. म्हणून यंत्रात ‘पहिलं लक्ष्य’ आणि ‘शेवटचं लक्ष्य’ असे पर्याय असतात. जनावर झुडपाआड असेल तर शेवटचं निवडायचं. ते डोंगराच्या धारेवर उभं असेल आणि मागे दुसरा डोंगर असेल तर पहिलं. गडबडीत हा पर्याय चुकला की तीनशे यार्डांची चूकही बिनबोभाट होते, कारण पडद्यावरचा आकडा तेवढ्याच ठामपणे झळकतो.

डब्यावर ठळक अक्षरांत छापलेलं अंतर चकचकीत पाटीवरून मोजलेलं असतं. जनावराचा आकडा बारीक अक्षरांत, आणि तो कितीतरी कमी. विक्रेत्याचं बोट आधी तिथे जाई. त्यातही बर्फावर कडक ऊन असेल तर तो आणखी घटतो. त्यानंतर पडद्याचा रंग. तिन्हीसांजेला, गर्द झाडीच्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं दिसत नाहीत. लाल अक्षरं दिसतात, पण फार प्रखर असली तर डोळे दिपवतात. थंडीत बॅटरी मान टाकते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात हवी. दुर्बीण आणि रेंजफाइंडर एकातच असलेलं यंत्र किलोभर वजनाचं आणि महाग, पण जनावर दिसल्यावर हातातलं बदलावं लागत नाही.

बॅलिस्टिक गणित घ्यायचं तर ते कुठे होतं हे विचारावं. काही यंत्रांत ते आतच होतं, पण ठरावीक अंतरापर्यंतच, जसं काही मॉडेलांत आठशे यार्ड. त्यापुढे फोन किंवा हवामानमापक जोडावा लागतो. यंत्राला कोन कळायलाच हवा: तीस अंशांच्या उतारावर पाचशे यार्ड तिरपं अंतर आडव्या हिशेबात ४३३ च भरतं. हवेचा दाबही कळायला हवा. तीन हजार मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाव हिस्सा विरळ असते, आणि मैदानी हवेचं गणित तिथे वापरलं तर गोळी वर लागते.

एवढं सगळं जमलेलं यंत्र हातात आलं, तरी त्याला गोळीचा वेग माणसानेच सांगायचा असतो. काडतुसाच्या खोक्यावरचा वेग कंपनीच्या नळीतला. आपल्या नळीत तो सेकंदाला पन्नास फूट कमी निघाला, तर सहाशे यार्डांवर नेम चार इंच हुकतो. वेगमापक आणून तो मोजायचे कष्ट किती जण घेतात, याबद्दल विक्रेत्याचं मत फारसं बरं नव्हतं.

खरी गोची वाऱ्याची. ताशी दहा मैलांचा आडवा वारा सहाशे यार्डांवर त्याच क्रीडमूरच्या गोळीला सव्वादोन फुटांच्या आसपास ढकलतो. वाऱ्याचा अंदाज चार मैलांनी चुकला की जवळजवळ फुटाचा फरक. यंत्र उभं आहे तिथला वारा मापकावर कळेलही, पण मधल्या घळीत तो उलटा वाहत असेल तर? लेझरला तो दिसत नाही. गवताची पाती आणि पानांची सळसळ वाचणारा डोळाच लागतो. भरीला गोळीचा प्रवास पाऊण सेकंदाचा. चरणाऱ्या एल्कने तेवढ्यात एक पाऊल टाकलं की छातीवरचा नेम पोटावर जातो आणि पोटाला लागलेलं जनावर कित्येक तास मरत नाही.

माझी काळजी इथे सुरू होते. पूर्वी अंतर कळत नसे म्हणून सुज्ञ शिकारी तीनशे यार्डांपुढे थांबायचा. त्याचं अज्ञान जनावराच्या पथ्यावर पडत होतं. आता सहाशे बारा यार्ड असा नेमका आकडा समोर येतो, त्याखाली नेमाची दुरुस्तीही येते, आणि जणू निम्मं काम फत्ते झालं असं वाटायला लागतं. जे निम्मं उरलं ते अवघड आहे, हे पडद्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये उभारलेला बून अँड क्रॉकेट क्लब रायफलच्या दुर्बिणीतच बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक अंतरमापकाने केलेली शिकार आपल्या नोंदवहीत घेत नाही. गळ्यातल्या यंत्राला मात्र त्याची हरकत नाही. ही रेघ मला पुरेशी वाटत नाही, कारण मोह आकड्यात आहे आणि आकडा दोन्हीकडून सारखाच येतो.

त्या विक्रेत्याने स्वतःपुरती रेघ वेगळीच आखली होती. वाऱ्यात, जमिनीवर पडून किंवा पाठपिशवीवर रायफल टेकवून, दहापैकी नऊ गोळ्या ज्या अंतरावरून ताटाएवढ्या पत्र्यावर लागतात, ते अंतर यंत्राच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहायचं. त्याच्या यंत्रावर चारशे लिहिलेलं होतं, आणि त्याचं यंत्र त्याहून कितीतरी दूरचं मोजू शकत होतं. गोळी झाडल्यावर त्याला यंत्राचा आणखी एक उपयोग वाटे, जो जाहिरातींत नाही. दरी ओलांडून पलीकडे गेलं की सगळी झुडपं सारखीच दिसतात आणि जनावर नेमकं कुठे उभं होतं ते सापडत नाही. म्हणून निघण्याआधी तो आपल्या जागेवरच्या फांदीला नारिंगी फडकं बांधतो आणि पलीकडून त्या फडक्याचं अंतर मोजत मोजत सरकतो. झाडण्याआधी वाचलेला आकडा जुळला की तिथून रक्ताचा माग शोधायला लागतो. यंत्र विकत घेताना हे जमेल का ते बघा, असं तो प्रत्येकाला सांगतो. त्याच्या मते खिशातले उरलेले पैसे जास्त महागड्या मॉडेलवर घालण्यापेक्षा सरावाच्या काडतुसांवर घालावेत, आणि सरावाला जायचं ते वारा सुटलेल्या दिवशी.