कार्डांचा डबा आणि बाजाराचा न्याय

माल न पाहता सौदा करू नये, हे जालन्याच्या पेढ्यांवर वाढलेल्या मुलाला निराळे शिकवावे लागत नाही. तरीही ‘क्रिकेट अटॅक्स’ कार्डांचे बंद पाकीट तो आनंदाने विकत घेतो. त्याच्या वडिलांच्या पिढीने ऐंशीच्या दशकात ‘बिग फन’ च्युइंगगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे अशीच जमवली होती.

पाकीट फोडतानाची उत्कंठा हा या छंदाचा आनंद; तोच खेळाडू चौथ्यांदा निघणे हे त्याचे दुःख. मग मुले अदलाबदल करतात. एकाला नकोसे झालेले कार्ड दुसऱ्याला हवे असते, आणि व्यापाराचा पहिला धडा तेथेच मिळतो.

दुसरा धडा अमेरिकेतला. टॉप्स कंपनीने 1952 सालची न खपलेली बेसबॉल कार्डे 1960 मध्ये अटलांटिक समुद्रात बुडवली. त्याच मालिकेतील मिकी मँटलचे एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलर्सना विकले गेले. याउलट, पुढे भाव येईल म्हणून 1990 च्या सुमारास घरोघरी साठवलेल्या कार्डांना आज फारसे मोल नाही. जे सर्वांनी जपले, ते दुर्मीळ राहिलेच नाही.

म्हणून मुलांचा डबा रद्दीत टाकू नये आणि त्याला गुंतवणूकही समजू नये. दरमहा किती पाकिटे घ्यावयाची, ही मर्यादा त्यांनाच ठरवू द्यावी. परिग्रहाचे परिमाण शिकण्यास याहून सोपी पाटी कोणती?